काचबिंदूमध्ये डोळ्यात "पाणी तुंबतं" ते पाणी नेमकं कुठलं?

मुक्ता_वाई

माझे बाबा ६६ वर्षांचे आहेत. एसटीत ड्रायव्हर होते, उभी हयात पसरणीच्या घाटात गाडी चढवण्यात गेली. गेल्या महिन्यात भाजी आणायला निघाले तेव्हा डावीकडून आलेली मोटारसायकल त्यांना दिसलीच नाही. थोडक्यात वाचले. त्यांचं म्हणणं, पोरगा जोरात आला. माझ्या मनात शंका आली म्हणून डोळे तपासायला घेऊन गेले. दाब निघाला उजव्या डोळ्यात २६, डाव्यात ३२. "काचबिंदू आहे, डोळ्यातलं पाणी तुंबतंय," एवढं सांगून डॉक्टरांनी दोन बाटल्या लिहून दिल्या. बाहेर चाळीस माणसं बसली होती, त्यामुळे जास्त विचारता आलं नाही.

घरी आल्यापासून बाबांनी स्वतःचा अर्थ लावलाय. पाणी तुंबलंय ना, मग सकाळी डोळ्यांवर गार पाण्याचे हबके मारायचे, डोळ्यांतून पाणी गळलं की बरं वाटतं म्हणायचं. थेंब घशात कडू लागतात म्हणून दोन दिवस टाकतात, दोन दिवस नाही. आणि वर, "मी पेपरातल्या बारीक जाहिराती वाचतो, मला कसला काचबिंदू?" हे खरंही आहे, ते वाचतात.

मला कुणी नीट समजावून सांगेल का? हे पाणी म्हणजे अश्रूच का? ते कुठून येतं, कुठे जातं? कागदावर "सी/डी उजवा ०.७, डावा ०.९" लिहिलंय, ते काय? आणि मोतीबिंदूसारखं एकदा ऑपरेशन करून मोकळं का होता येत नाही?

कृष्णाकाठ

माझ्या मावशीला आहे, १४ वर्षं थेंब चालू आहेत. बाबांना थेंब बंद करू देऊ नका, बाकी जाणकार सांगतीलच. याच धाग्यात माझाही प्रश्न विचारतो. पांढऱ्या भिंतीकडे किंवा आभाळाकडे पाहिलं की मला बारीक धागे, ठिपके तरंगताना दिसतात. डोळा हलवला की तेही हलतात. तेही याच पाण्यात असतात का?

नेत्रकाकू

मुक्ताताई, मी ३१ वर्षं ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी होते. डॉक्टर नव्हे. नंबर काढणं, दाब मोजणं, शिबिरं, शाळा तपासणी हे माझं काम. तुमच्या बाबांसारखी माणसं मी शेकड्याने पाहिली आणि त्यातली फार जण उशिरा आली. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आधी अश्रू बाजूला काढू. अश्रूंची ग्रंथी भुवईखाली, कानाच्या बाजूला असते. ते पाणी डोळ्याच्या फक्त बाहेरून फिरतं. आरशासमोर उभं राहून खालच्या पापणीचा नाकाकडचा कोपरा थोडा खाली ओढा, कडेवर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसेल. वरच्या पापणीलाही असंच एक असतं. अश्रू तिथून नाकात उतरतात, म्हणून रडताना नाक वाहतं. बाबांचे थेंब घशात कडू लागतात तेही याच वाटेने. पावसात एसटीची काच कितीही धुतली तरी रेडिएटरमधलं पाणी हलत नाही, तसंच हे आहे. बाबांना याच शब्दांत सांगा, त्यांना पटेल.

आतलं पाणी निराळं. शाळेत कार्यक्रम असला की मी सकाळी खाटकाकडून बकऱ्याचा ताजा डोळा घेऊन जायचे. स्टीलच्या ताटलीत ठेवायचा, मुलांना भोवती उभं करायचं. पुढची पारदर्शक काच, म्हणजे पुस्तकातलं पारपटल, ब्लेडच्या टोकाने टोचली की स्वच्छ पाणी उसळून बाहेर येतं आणि घड्याळाच्या काचेसारखा फुगीर असलेला तो पडदा तिथल्या तिथे सैल पडतो. वर्गात चिडीचूप शांतता व्हायची. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते हे पाणी. डोळ्याला ताठ ठेवणारं.

पुढे कापत गेलं की रंगीत बुबुळ, त्याच्या मधली बाहुली (बकऱ्याची आडवी असते), आणि बुबुळाच्या मागे भिंग. भिंग बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवलं की खालची अक्षरं मोठी दिसायची, मग ते बघायला मुलांची ढकलाढकली. त्याच्या मागे सगळी जागा जेलीने भरलेली, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी. ती ओतून टाकली की तळाशी दुधावरच्या पातळ सायीसारखा पडदा राहतो, दृष्टिपटल. चिमट्याने ओढला तर सगळीकडून सुटून येतो, फक्त एका जागी चिकटून राहतो. तिथून डोळ्याची नस मेंदूकडे निघते. ही जागा लक्षात ठेवा, काचबिंदूचा सगळा घात तिथेच होतो.

आता पाणी बनतं कुठे? बुबुळाच्या मागे, भिंगाभोवती स्नायूंचं एक कडं असतं. त्याच्या झालरीसारख्या घड्यांमधून हे पाणी रक्तापासून गाळून तयार होतं. मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर, म्हणजे दिवसभरात जेमतेम अर्धा चमचा. ते भिंगाच्या पुढून, बाहुलीच्या भोकातून पुढच्या कप्प्यात येतं. त्या कप्प्यात मावतं सुमारे पाव मिली, औषधाचे पाच थेंब म्हणा. दीड-दोन तासांत ते सगळं बदलून नवं येतं. रात्री झोपेत बनण्याचा वेग निम्म्यावर येतो.

हे पाणी देवाने उगाच ठेवलेलं नाही. पारपटलात आणि भिंगात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आपल्याला सगळं लाल जाळ्यातून दिसलं असतं. मग त्यांना खायला कोण घालणार? तर हे पाणी. साखर, क्षार पुरवायचं आणि टाकाऊ माल घेऊन जायचं. पारपटलाला हवेतूनही प्राणवायू मिळतो, भिंग मात्र आतल्या पाण्यावरच जगतं.

आणि जातं कुठून? पारपटल आणि बुबुळ जिथे भेटतात त्या कोपऱ्यात गोल फिरणारी बारीक जाळी असते. मोरीच्या तोंडाशी असते तशीच समजा. जाळीतून गाळून पाणी एका गोल नळीत जातं आणि तिथून रक्तात मिसळतं. ही नळी १८३० मध्ये जर्मनीतल्या फ्रीडरिख श्लेम यांनी दाखवली, म्हणून तिला श्लेमची नळी म्हणतात. थोडं पाणी स्नायूंच्या फटींतूनही झिरपून जातं, ती दुसरी वाट.

बाबांच्या डोळ्यात नळ नेहमीसारखाच चालू आहे, मोरीची जाळी मात्र गच्च होत चालली आहे. म्हणजे आत दाब चढणार. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा हा ठीक समजतात. ३२ म्हणजे बराच चढलेला. आता डोळ्याची भिंत जाड, चिवट आहे, ती फुगत नाही. मग दाब कमजोर जागा शोधतो. नस जिथून बाहेर पडते तिथे भिंतीला चाळणीसारखी भोकं आहेत आणि त्यांतून दहा-बारा लाख तंतू जातात. तिथे ते चेपले जातात, त्यांचा पुरवठा अडतो आणि एकेक करून मरतात. मेलेला तंतू परत येत नाही.

सी/डी म्हणजे हेच मोजलंय. नसेचं तोंड समोरून बशीसारखं गोल दिसतं आणि मध्ये एक खळगा असतो, वाटीसारखा. वाटी बशीच्या किती पट, तो आकडा. बहुतेकांची वाटी ०.३-०.४ च्या आसपास असते. तंतू मेले की कड झिजते आणि वाटी रुंदावते. डाव्या डोळ्यात ०.९ म्हणजे कड फार थोडी उरली आहे. घाबरवायला नाही सांगत, पण जे उरलंय ते फार मोलाचं आहे, म्हणून सांगते.

मग ते बारीक जाहिराती कसे वाचतात? कारण मधली नजर काचबिंदू शेवटी घेतो. आधी जाते ती बाजूची. आणि काळा डाग वगैरे काही दिसत नाही, मेंदू आजूबाजूचं चित्र ओढून भोक बुजवतो. बाबांना हे दाखवायचं असेल तर कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका. डावा डोळा झाकायचा, उजव्याने फुलीकडेच बघत राहायचं आणि कागद लांबून हळूहळू जवळ आणायचा. साधारण फूटभर अंतरावर ठिपका नाहीसा होतो. तिथे भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो. प्रत्येक निरोगी डोळ्यात ही आंधळी जागा आहे, तीच ती नस निघते ती जागा. जन्मभर आपल्याला ती कळत नाही. काचबिंदूत अशा जागा वाढत जातात, आणि त्याही कळत नाहीत. मोटारसायकल तशाच एखाद्या जागेतून आली असावी.

आता ऑपरेशन. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते काढून दुसरं बसवलं की काम झालं. काचबिंदूत बिघाड जाळीचा आणि नुकसान नसेचं. नस बदलता येत नाही. थेंबांनी भागलं नाही तर पाण्याला नवी वाट काढून देणारी शस्त्रक्रिया करतात, पण तीही उरलेलं राखण्यासाठी. गेलेलं तिने परत येत नाही.

बाटल्यांवरची नावं काय आहेत ती लिहा, आणि बाबांना दमा आहे का तेही.

कृष्णाकाठ, तुमचे धागे या पाण्यात नाहीत, मागच्या जेलीत आहेत. ती सुमारे ४ मिली असते, बहुतेक सगळं पाणीच, त्याला बारीक तंतूंनी घट्टपणा आलेला. पुढचं पाणी तासा-दोन तासांत बदलतं, पण ही जेली जन्मापासूनची तीच. वय वाढलं की ती जागोजागी पातळ होते, तंतू गोळा होऊन गुंतवळ बनते आणि तिची सावली पडद्यावर पडते. जुने, मोजके धागे असतील तर काळजी नसते. पण अचानक खूप ठिपके वाढले, अंधारातही कडेला वीज चमकल्यासारखं दिसलं, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. जेली पडद्याला ओढत असते, पडदा फाटू शकतो.

सुजित_ऑप्टो

काकूंनी फार छान सांगितलं. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, दोन गोष्टींची भर घालतो. हवेचा झोत मारून दाब मोजला असेल तर एकदा स्लिट लॅम्पवर (हनुवटी टेकवून डोळा मोठा करून पाहतात ते यंत्र) डोळ्याला टेकवून मोजतात तसाही मोजून घ्या. आणि पारपटलाची जाडी मोजली का विचारा. मधोमध ती अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त असते. पातळ असेल तर यंत्रावर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. शिवाय कोपरा उघडा आहे की अरुंद, ते आरशाच्या भिंगाने पाहतात, त्याला गोनिओस्कोपी म्हणतात. अरुंद असेल तर उपचाराची दिशा बदलते, लेझरने बुबुळाला बारीक भोक पाडतात.

मुक्ता_वाई

काकू, मला तू म्हणा. तुमचं उत्तर मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. रेडिएटरला मान डोलावली. ठिपका नाहीसा झाला तेव्हा कागद तीनदा उलटसुलट करून पाहिला, मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

बाटल्या: रात्री लॅटॅनोप्रोस्ट एक थेंब, सकाळ-संध्याकाळ टिमोलॉल. दमा नाही. सुजित म्हणतात तसं कोपऱ्याचं विचारलं, उघडा आहे. अजून एक. बाबा तालमीत वाढलेले, रोज सकाळी पाच मिनिटं शीर्षासन करतात. ते चालेल का? आणि तुम्ही शिबिरात दाब कसा मोजायचात, तिथे तर ही यंत्रं नसतील?

नेत्रकाकू

मुक्ता, शीर्षासन आजपासून बंद. डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो. निरोगी माणसाचा होतो तसा याचाही होणार, आणि याचा मुळातच ३२ आहे. चालणं, सायकल, बैठे प्राणायाम खुशाल करू देत. पाणी प्यायचं ते थोडं थोडं, एका दमात तांब्याभर नको, त्यानेही दाब थोडा वेळ चढतो.

दमा नाही हे बरं झालं. टिमोलॉल नळ बारीक करतं, पाणी कमी बनतं. पण दम्याच्या माणसाला त्याने श्वास कोंडू शकतो आणि हृदयाचे ठोकेही मंदावतात. बाबांना कधी चक्कर आली, नाडी मंद वाटली तर डॉक्टरांना लगेच सांग. लॅटॅनोप्रोस्ट दुसरी वाट मोकळी करतं, फटींतून झिरपणारी. त्याने पापण्यांचे केस लांब, दाट होतात, बुबुळाचा रंग थोडा गडद होऊ शकतो. घाबरू नका. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवायची आणि उघडलेली चार आठवड्यांनंतर टाकून द्यायची, औषध उरलं असलं तरी.

थेंब टाकायची रीत सांगते. मान मागे, खालची पापणी ओढून खोबणीत एकच थेंब. दोन टाकले तर दुसरा गालावरच येतो, तेवढी जागाच नसते. मग डोळा अलगद मिटायचा, मिचकवायचा नाही, आणि नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरायचं. मघाशी सांगितलेली छिद्रं त्याने बंद होतात. औषध डोळ्यातच राहतं, घशात उतरत नाही, आणि टिमोलॉल रक्तातही कमी जातं. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची.

शिबिरात आम्ही शिओट्झचं टोनोमीटर वापरायचो. मुठीत मावेल एवढं, खाली छोटी बशी आणि मधून सरकणारी दांडी, साडेपाच ग्रॅम वजनाची. शाळेच्या वर्गात बाकं जोडून माणसाला उताणं झोपवायचं, डोळ्यात बधिर करणारा थेंब, आणि सांगायचं, स्वतःचा अंगठा वर धरा, त्याच्याकडे बघा. तो अंगठा थरथरला की डोळा थरथरायचा, म्हणून मी एका हाताने मनगट धरून ठेवायचे. मग बशी पारपटलावर अलगद टेकवायची. डोळा मऊ असेल तर दांडी आत दबते आणि काटा पुढे जातो. पाचावर काटा म्हणजे दाब सतरा-साडेसतरा, तीनावर म्हणजे चोवीसच्या वर. काटा जागचा हललाच नाही की माझ्या पोटात गोळा यायचा.

असाच एक मुलगा आठवतो, चौदा वर्षांचा. दर उन्हाळ्यात डोळ्यांना खाज यायची म्हणून आईने कधीतरी मिळालेली बाटली औषधाच्या दुकानातून पुन्हा पुन्हा आणली होती, दोन वर्षं. स्टेरॉईडचे थेंब. लाली लगेच उतरते, थंड वाटतं, म्हणून सगळ्यांना आवडतात. पण कित्येकांच्या डोळ्यातली जाळी त्याने घट्ट होते. त्या मुलाच्या उजव्या डोळ्यावर काटा एकाच्या खालीच थांबला. औषध बदललं, दाब उतरला, पण शाळेत त्याला फळ्याची कड दिसायची नाही, ते तसंच राहिलं. त्याची आई मला विचारत होती, मीच घालवले का हो त्याचे डोळे? मला आजही त्याचं उत्तर देता आलेलं नाही. घरात डोळ्यांची एखादी जुनी बाटली पडली असेल तर नाव वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्याही डोळ्यात घालू नका. आणि कुणाला डॉक्टरांनी दिलेली चालू असेल तर मनाने बंदही करू नका.

तुझं वय किती? बाबांना आहे म्हणजे तुला आणि भावंडांना धोका इतरांपेक्षा जास्त. नुसता नंबर नको, बाहुली मोठी करून नस पाहायला सांग आणि दाब मोजायला सांग.

कृष्णाकाठ

काकू, धन्यवाद. माझे धागे आठ-दहा वर्षांचे जुने आहेत, वीज चमकत नाही. तरी या शनिवारी पडदा तपासून घेतो. मावशीच्या दोन्ही मुलांनाही हा धागा पाठवलाय, त्यांनी अजून एकदाही दाब मोजलेला नाही.

मुक्ता_वाई

मी ४१. भाऊ ३८. दोघांनी सोमवारची वेळ घेतली आहे. बाबांची फील्ड टेस्ट, म्हणजे बाजूची नजर किती उरली ते पाहायची तपासणी, पण त्याच दिवशी. त्यांनी स्वतः विचारलं, कुठली बाजू किती गेली ते कळेल का म्हणून. एसटीत असताना आरसा नीट नसेल तर ते गाडी डेपोतून बाहेर काढत नसत, त्याची आठवण सांगत होते.

स्कूटरची किल्ली काल आईकडे दिली. मी मागितली नव्हती.

रात्री ९ ला थेंब टाकला आणि मी घड्याळ धरून बसले. तीन मिनिटं कोपरा दाबून ठेवला. मग म्हणाले, कडू नाही लागलं.